सहा आठवडे तेवढे जाऊ द्या

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईचा आवाज भरून आला आणि मला पुढे काही बोलता आले नाही, म्हणून राहिलेले सगळे या पत्रात लिहीत आहे. सध्या मला एका वेळी २०-२५ मिनिटेच बसण्याची परवानगी आहे, त्यामुळे थोडे बसून आणि थोडे उभ्याने असे करत ते पूर्ण करीन. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. कमरेच्या मणक्यांमधली गादी (डिस्क) बदलण्याच्या ऑपरेशनमधून बरी होईपर्यंत मी माझ्याच घरी राहणार आहे, आणि ६ आठवड्यांनंतरचा एक्स-रे पाहून डॉक्टर मला पुढची मोकळीक देईपर्यंत तुम्ही दोघांनी इकडे यायचे नाही. मी, तुमचे जावई आणि दादा अशा तिघांनी बोलून हे ठरवले आहे. बाबांनी तिकिटे काढली असतील, तर ती कृपा करून पुढच्या तारखेची करून घ्यावीत.

हे वाचून आईला वाटेल की लेक परकी झाली. तसे मुळीच नाही, आई. दुखले-खुपले की तुझ्या मांडीवर डोके ठेवावेसे मला आजही सर्वांत आधी वाटते. मला गोवर आला होता तेव्हा तू रात्र रात्र माझ्या कपाळावरून हात फिरवत बसली होतीस. दवाखान्यातल्या पहिल्या रात्री भूल उतरत असताना मी त्याच हाताची वाट पाहत होते. पण मला काळजी वाटते ती त्याच हाताची. तू आलीस की मी नको म्हणत असतानाही माझ्या पाठीखाली हात घालून मला बसवणार, आणि तुझी हाडे किती ठिसूळ झाली आहेत हे तुला त्या क्षणी आठवणारही नाही. बाबा बादल्या उचलणार, माळ्यावरचे सामान काढणार, आणि धाप लागली की ती आम्हाला दिसू नये म्हणून दुसऱ्या खोलीत जाऊन उभे राहणार. दादाच्या लग्नात त्यांनी हेच केले होते. माझ्यापायी तुमच्यापैकी कोणाला काही झाले, तर माझी पाठ बरी होऊन मी काय करू?

दुसरे कारण मला याहूनही महत्त्वाचे वाटते, आणि ते तुम्ही नीट समजून घ्यावे अशी माझी फार इच्छा आहे. आपल्या घरात पाठीचे दुखणे म्हणजे पडून राहणे, असेच आजवर चालत आले. आई, तुझी पाठ धरली त्या वर्षी तुला फळीवर झोपवून ठेवले होते आणि मी व दादा दारातून तुझ्याकडे बघत उभे राहायचो, ते तुम्हालाही आठवत असेल. तेव्हा वैद्य काय आणि डॉक्टर काय, सगळेच तसे सांगत असत, त्यात कोणाचा दोष नव्हता. मला मात्र ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी वॉकर देऊन उभे केले आणि खोलीतल्या खोलीत चालवले. पडून राहिले की पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, छातीत कफ साठतो, पोट साफ होत नाही आणि ज्या स्नायूंनी पाठ सावरायची तेच झिजत जातात. म्हणून चालणे हेच माझे मुख्य औषध आहे: दिवसातून अनेक वेळा, सपाट जमिनीवर, दर खेपेला थोडेच, आणि आठवड्यागणिक जरा जरा वाढवत. तुम्ही इथे असलात की मी उठताना दिसताच "तू पड, आम्ही आहोत ना" असे म्हणाल, आणि मी खरोखरच पडून राहीन, कारण तुमच्या मायेपुढे नाही म्हणणे मला कधीच जमलेले नाही.

बाबा, तुम्ही विचारले होते की दुखणे पाठीचे असताना टाके पोटावर कसे. कमरेतली गादी पूर्ण बदलायची असेल तर समोरून, म्हणजे ओटीपोटाच्या बाजूने जावे लागते, कारण मागून गेले तर मज्जातंतू वाटेत येतात. पोटाचा स्नायू बाजूला सारतात, आतडी ज्या पातळ पिशवीत असतात ती पिशवीच अलगद सरकवतात आणि मणक्यांपुढून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जपून बाजूला घेतात. त्या कामासाठी रक्तवाहिन्यांचे वेगळे सर्जन ऑपरेशनला होते. मग चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली झिजलेली गादी काढून तिथे धातूच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये टणक प्लॅस्टिकचा गाभा असलेली कृत्रिम गादी बसवली. पाठीच्या स्नायूंना धक्का लागलेला नाही. पोट मात्र अजून हुळहुळते, त्यामुळे खोकला किंवा शिंक आली की मी पोटाशी उशी घट्ट धरते.

मणके एकमेकांना जोडून टाकण्याचा जुना आणि खात्रीचा मार्ग का घेतला नाही, हेही तुम्ही विचाराल. तो पर्याय डॉक्टरांनी आमच्यापुढे ठेवला होता. जोडलेला सांधा हलत नाही, आणि त्याच्या वरच्या-खालच्या सांध्यांवर जास्त ताण येण्याची शक्यता असते. माझी एकच गादी गेली होती, मणक्यांच्या मागचे छोटे सांधे चांगले होते, हाडे मजबूत होती आणि पुढे नोकरीची बरीच वर्षे आहेत, म्हणून हालचाल टिकवणारे ऑपरेशन माझ्यासाठी योग्य ठरले. व्यायाम, औषधे आणि इंजेक्शने हे सगळे मनापासून करून झाल्यावरच आम्ही इथवर आलो. हा निर्णय उतावळेपणाने घेतलेला नाही, एवढा विश्वास माझ्यावर ठेवा.

हा कालपरवाचा प्रयोग आहे, ही तुमची समजूतही मला दूर करायची आहे. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये फर्नस्ट्रोम नावाच्या सर्जननी गादीच्या जागी पोलादी गोळी बसवून पाहिली होती, पण ती हाडात रुतू लागल्याने मागे पडली. आजच्या धर्तीची गादी पहिल्यांदा १९८४ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात बसवली गेली, आणि अमेरिकेत कमरेच्या अशा गादीला २००४ मध्ये मान्यता मिळाली. बर्लिनची ती गादी घडवणाऱ्यांपैकी एक कारीन ब्युटनर-यान्त्स. बाबा, तुम्हाला हे आवडेल: १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके मिळवणाऱ्या कारीन यान्त्स त्याच. पाठीचा कणा किती वाकतो आणि किती सोसतो हे ज्या बाईने स्वतःच्या शरीरावर अनुभवले, तिने हे काम हाती घेतले, याचा मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोठा आधार वाटला होता.

आता इथली व्यवस्था सविस्तर सांगते, म्हणजे रात्री तुम्ही जागे राहणार नाही. पलंगाची उंची माझ्या गुडघ्याएवढी करून घेतली आहे. उठताना मी आधी गुडघे दुमडते, मग खांदा आणि कंबर एकदम, ओंडका लोळवावा तशी, कुशीवर वळते, पाय पलंगाखाली सोडते आणि त्याच वेळी हाताच्या कोपरावर जोर देऊन बसती होते. यात कमरेला कुठेही पीळ पडत नाही. पहिल्या दिवशी नर्सबाईंनी हे करून घेतले तेव्हा घाम फुटला होता, आता सवयीने होते. कमोडवर उंच बैठक बसवली आहे आणि शेजारी धरायला दांडा आहे. रोज लागणारी प्रत्येक वस्तू छोटीने कमरेच्या उंचीवर मांडून ठेवली आहे, आणि काही खाली पडलेच तर उचलायला लांब दांड्याचा चिमटा आहे. वाकणे, कमरेतून वळणे, मागे झुकणे आणि ३-४ किलोंपेक्षा जास्त उचलणे एवढ्या गोष्टी सध्या पूर्ण बंद आहेत. जखमेवरची पट्टी कोरडी राहील अशा बेताने अंघोळ होते. वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते आणि कुंथणे तर मला चालणारच नाही, म्हणून पाणी, चोथ्याचे अन्न आणि रात्रीचे औषध यांकडे तुमचे जावई माझ्याहून जास्त लक्ष देतात. ते पहिले आठवडे रजेवर आहेत, त्यांची रजा संपली की दादा येईल. गाडी चालवण्याचा विचारही मी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करणार नाही.

एक गंमतशीर पण निरुपद्रवी गोष्ट घडली आहे, ती दादाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. माझा डावा पाय उजव्यापेक्षा गरम लागतो. मणक्यांच्या कडेने जाणारी एक मज्जातंतूंची साखळी पायातल्या रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवते, आणि समोरून ऑपरेशन करताना तिला थोडा धक्का बसला की त्या बाजूचा पाय उबदार होतो. सर्जननी हे आधीच सांगून ठेवले होते आणि बहुतेकांचे ते हळूहळू कमी होते. त्यामुळे रात्री मला एकट्या उजव्या पायातच मोजा लागतो. मला वाकता येत नाही, म्हणून तो छोटी घालते. मोजा आधी पार टाचेपर्यंत गुंडाळून घेते, माझी बोटे त्यात नीट बसली का पाहते आणि मगच वर ओढते. आई, शाळेत जाताना तू मला अगदी अशीच मोजे घालत असायचीस. तिला हे कोणी शिकवलेले नाही.

कशाकशाने डॉक्टरांना ताबडतोब फोन करायचा, तो कागद आमच्या दारामागे लावलेला आहे: ताप, जखम लाल होणे किंवा तिच्यातून पाणी येणे, पोटरी सुजणे किंवा दुखणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे, पायातली ताकद अचानक कमी होणे, आणि लघवी-शौचाच्या जागी बधिरपणा येणे किंवा त्यावरचा ताबा जाणे. यातले काहीही झालेले नाही. पायात अधूनमधून कळ येते, पण इतकी वर्षे दबलेली नस सावरायला वेळ घेते, हे आम्हाला ठाऊक आहे. तुमच्यापासून काही लपवणार नाही, हा माझा शब्द.

आई, तू हळूच विचारलेस की तुलाही अशी नवी गादी बसवता येईल का. तुझा प्रश्न मी इथल्या डॉक्टरांना विचारला. धातूच्या चकत्या शेवटी हाडावरच टेकतात, आणि हाड ठिसूळ असेल तर त्या त्यात रुततात. शिवाय वयानुसार मणक्यांच्या मागचे सांधेही झिजलेले असतात, आणि त्यांचे दुखणे गादी बदलून जात नाही. म्हणून हे ऑपरेशन तुझ्यासाठी नाही. याचा अर्थ तुझ्यासाठी काहीच नाही असा होत नाही, हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगते. हाडांची घनता मोजण्याची तपासणी पुन्हा करून घे, हाडांची औषधे मध्येच सोडू नकोस आणि फिजिओथेरपिस्टनी शिकवलेले व्यायाम रोज कर. तुझे बरेचसे दुखणे त्याने आटोक्यात येईल.

आता माझे हुकूम, आणि यावर वाद नको. बाबा, स्टेंटनंतरच्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत, मग कोणीही काहीही सांगो. जड काही उचलायचे नाही. धाप लागली तर ती आईला सांगायची, दुसऱ्या खोलीत जायचे नाही. आई, न्हाणीघरात न घसरणारी चटई आजच्या आज घाल, रात्री उठताना दिवा लावल्याशिवाय पाय टाकू नकोस, आणि स्टुलावर चढून काही काढायचे असेल तर ती वस्तू तिथेच राहू दे. माझ्यासाठी उपास धरले असशील तर सोड. उपाशीपोटी तुझ्या गोळ्या तुला सोसत नाहीत. रागावू नका, तुम्हाला सांगायला दुसरे कोणी जवळ नाही म्हणून मीच सांगते.

एक्स-रेमध्ये गादी जागेवर दिसली आणि डॉक्टरांनी फिजिओथेरपी सुरू करायला सांगितली, की मी स्वतः फोन करून तुम्हाला बोलावीन. तेव्हा दोन दिवसांसाठी येऊ नका, चांगले महिनाभर राहायला या. तोपर्यंत रोज संध्याकाळचे चालणे झाले की मी व्हिडिओ कॉल करीन आणि चालून दाखवीन, म्हणजे माझ्या आवाजावरून तब्येतीचा अंदाज बांधत बसण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही. आईच्या तपासणीची तारीख मिळाली की दादाला कळवा; तिच्याबरोबर तो जाईल, बाबांनी एकट्याने तिला नेऊ नये.

तुमची,
ठकू