सिकलसेलच्या वेदनेवर विश्वास ठेवणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका धानपट्ट्यातील गावातून हे पत्र लिहीत आहे. आपली बदली झाल्याचे कळले तेव्हा आपण रुजूही झाला होतात, त्यामुळे निरोपाचे चार शब्द बोलायचे राहून गेले. तसेही समोरासमोर आपण कोणाला आभार मानू देत नाही, म्हणून हे उघड पत्र. आपले नाव त्यात मुद्दामच घातलेले नाही. ज्यांना ओळखायचे ते आपल्याला ओळखतीलच.

माझ्या मुलीला सिकलसेल आहे. आपल्याकडे, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला, हा आजार नवा नाही. पण तो दिसत नाही, हीच त्याची मोठी अडचण आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे आतून ठणकू लागतात. अनेकदा अंगावर सूज नसते, जखम नसते, ताप असेलच असे नाही. आठवडाभर झडी लागली आणि पोरगी शाळेतून भिजून आली की रात्री मांड्या धरून रडते. पाहणाऱ्याला मात्र धडधाकट मूल हट्ट करीत आहे असेच वाटते. आपल्याकडे येण्यापूर्वी एका दवाखान्यात, तिच्यादेखत, 'हे नाटक आहे, अभ्यास नको म्हणून चालले आहे' असे आम्हाला ऐकवण्यात आले होते. त्यानंतर ती दुखणे लपवू लागली आणि तोंडाने बोलेपर्यंत त्रास हाताबाहेर गेलेला असे.

आपल्या वॉर्डात पहिल्यांदा आलो तेव्हा आपण आम्हाला काही विचारण्याआधी तिला विचारलेत. दहापैकी किती दुखते, हे तिला सांगता येईना. तेव्हा आपण प्रश्नच बदललात: मागच्या खेपेपेक्षा जास्त की कमी, झोप येईल इतके की त्याहून अधिक? तिने जे सांगितले ते आपण तसेच्या तसे कागदावर उतरवलेत. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी 'आत्ता तर हसत होती' असे म्हटल्यावर आपण शांतपणे म्हणालात, 'ती दुखतं म्हणते ना, मग दुखतं.' डॉक्टरांनी लिहून दिलेले वेदनाशामक दिल्यानंतर अर्ध्या तासाने आपण पुन्हा खाटेशी येऊन तोच प्रश्न विचारलात. औषध दिल्याची नोंद झाली म्हणजे काम संपले, असे आपण कधी धरले नाहीत. दुखणे किती उतरले, हे तिच्याच तोंडून कळेपर्यंत ते काम आपल्या लेखी उघडेच असे.

वारंवारच्या सलाईनमुळे तिच्या हाताच्या शिरा लवकर सापडत नाहीत. आपण आधी कोमट पाण्यात पिळलेले फडके तिच्या मनगटावर ठेवायचात, ती पाणी प्यायली आहे का ते पाहायचात आणि मगच सुई हातात घ्यायचात. एकदा प्रयत्न फसल्यावर आपण दुसऱ्या सिस्टरांना बोलावलेत आणि तिला सांगितलेत की चूक तुझ्या हाताची नाही. दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, शेक द्यावा, हेही आपण तिच्या आजीला स्वतः करून दाखवलेत. कारण आमच्या घरी मुका मार असो की दुसरे काही, बर्फच लावण्याची पद्धत होती.

दुसरी गोष्ट माझ्या पत्नीच्या वतीने लिहितो. आजार आईकडून आला, असे घरातली वडीलधारी मंडळी उघड म्हणत. आपण आम्हा दोघांना खाटेशी बसवून चार दाणे मांडलेत: माझ्याकडे एक तुरीचा व एक हरभऱ्याचा, तिच्याकडेही तसेच. एक दाणा निरोगी जनुकाचा, दुसरा सिकलसेलच्या जनुकाचा, आणि मुलाला दोघांकडून एकेक दाणा मिळतो. दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसूनही सिकलसेलचा एकेक दाणा बाळगणारे असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्ही दाणे निरोगी येण्याची २५ टक्के, हे आपण त्या दाण्यांवरून समजावलेत. एकाला आजार झाला म्हणून पुढचे तिघे सुटले, असा अर्थ कोणी काढू नये, हेही बजावलेत. पुढे माझ्या धाकट्या भावाच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा तो आपण फक्त त्याच्याच हातात दिलात. त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि गावात अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. मी थोरला भाऊ असूनही आपण मला सांगितले नाहीत. त्या दिवशी मला राग आला होता. आज त्याच गोष्टीसाठी आपल्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो. भावाने पुढे स्वतःहून सगळे सांगितले, मुलीकडच्यांनाही सांगितले, आणि तिची तपासणी करून घेऊन लग्न झाले.

१२ मे रोजी परिचारिका दिनाला मेणबत्त्या लावून शपथ घेतली जाते, फोटो निघतात; ते चांगलेच आहे. पण शपथेतली सेवा म्हणजे नेमके काय, हे मला आपल्या रात्रपाळीत कळले. एकट्या सिस्टरवर अख्खा वॉर्ड असताना, त्यातही प्रसूतीची पेशंट आलेली असताना, आपण मुलीला 'थांब' असे नुसते म्हटले नाहीत, तर किती वेळ थांबावे लागेल ते सांगून गेलात आणि त्या वेळेला परत आलात.

मुलगी आता अकरावीत आहे. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या नियमित चालू आहेत, ठरल्या वेळी रक्ततपासणी होते आणि पाण्याची बाटली तिच्या दप्तरातून सुटत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हे आपणच सांगितले होते. त्यानुसार प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे. दुखू लागले की ती आता पहिल्या तासातच सांगते.

एक विनंती आहे. १९ जून या जागतिक सिकलसेल दिनी आमच्या शाळेत पालकांची बैठक ठेवण्याचा विचार आहे. रजा मिळत असेल तर आपण यावे. येण्याजाण्याची व्यवस्था आम्ही करू. तूर आणि हरभरा आमच्याकडे आहेच.

आपला कृतज्ञ,
एक पालक