विषय: सशांच्या ग्रूमिंग किटमधील चुकीच्या सूचना आणि त्यामुळे झालेली जखम

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

जुलैमध्ये तुमच्या वेबसाइटवरून मी ‘लांब केसांच्या सशांसाठी’ असं खोक्यावर ठळक छापलेलं ग्रूमिंग किट १,२९९ रुपयांना घेतलं. त्यात ब्रश, पात्यांची फणी आणि गुंता सोडवायचा स्प्रे होता. ब्रश चांगला आहे, आजही वापरते. माझी तक्रार आत घातलेल्या माहितीपत्रकाबद्दल आहे.

आमची सावरी अंगोरा जातीची. तिचे केस महिन्याला जवळजवळ इंचभर वाढतात. पुण्याच्या पावसाळ्यात दोन दिवस विंचरलं नाही की कानामागे, काखेत, शेपटीखाली जटा धरतात. आईच्या आजारपणात माझ्याकडून आठवडाभर हयगय झाली, हे कबूल. काखेत सुपारीएवढी जट झाली होती.

पत्रकात लिहिलंय, ‘जट स्प्रेने पूर्ण भिजवा, फणी मुळाशी घालून ओढा.’ तसंच केलं. भिजल्यावर जट नमद्यासारखी आवळली आणि फणीच्या पात्याबरोबर कातडीच फाटली. तीन टाके पडले. डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा कळलं, सशाची कातडी इतकी पातळ असते की जट ओढली की तीही तंबूसारखी वर येते. केस कुठे संपले, ते दिसतच नाही. जट कोरडीच ठेवायची, थोडं कॉर्नफ्लॉवर चोळायचं, मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून बोटांनी मोकळी करत यायची. नाहीच सुटली तर क्लिपरने काढायची, तीही सवय असलेल्या माणसाने.

घरी येऊन पत्रक पुन्हा वाचलं. ‘दर महिन्याला शाम्पूने आंघोळ घाला.’ अहो, आंघोळीच्या धसक्याने आणि गारठ्याने ससा दगावू शकतो! आणि शेवटची ओळ: ‘झाल्यावर हाडाच्या आकाराचं बिस्कीट द्या.’ म्हणजे कुत्र्याचं पत्रक उचलून वर सशाचं चित्र चिकटवलंय. स्प्रेच्या बाटलीवर तर घटकच छापलेले नाहीत. ससा दिवसभर अंग चाटतो आणि पोटात गेलेलं त्याला ओकता येत नाही.

यावर तुमच्या प्रतिनिधीने कळवलं, परतीची सात दिवसांची मुदत संपली, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट घ्या. मला काही परत करायचंच नाहीये. दवाखान्याचे २,८५० रुपये भरून द्या, स्प्रेमधले घटक लेखी कळवा आणि सशांच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलेलं पत्रक येईपर्यंत हे किट सशांच्या नावाने विकणं थांबवा. ज्यांनी ते आधीच घेतलंय, त्यांनाही कळवा. तुमच्याकडे सगळ्यांचे ईमेल आहेत, जाहिराती तर रोज येतात.

वापराच्या अपुऱ्या सूचनांमुळे झालेल्या हानीची जबाबदारी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार उत्पादकावर येते. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक, पुणे

सोबत: खरेदीची पावती, दवाखान्याचं बिल, जखमेचे दोन फोटो, पत्रकाची प्रत (बिस्किटाच्या ओळीखाली रेघ मारली आहे)