मंत्रिमहोदय, उन्हाळ्यात पुस्तकांच्या कपाटाला कुलूप नको

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपण नागपूरला येता ते डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाला. तेव्हाचं नागपूर फार गोड असतं. संत्री, हुरडा, सकाळचं धुकं. हे पत्र मात्र मे महिन्यातल्या नागपुराबद्दल आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने तर ५६ अंश दाखवले. यंत्र बिघडलं होतं, असा खुलासा हवामान खात्याने केला. माझ्या शेजारणीचा त्या खुलाशावर अजून विश्वास बसलेला नाही.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरीची बहुतेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत, रामटेक-पारशिवनीकडच्या गावांत गेली. आता मानेवाड्याकडे राहते आणि वस्तीतल्या पोरांना सकाळी गोष्टींची पुस्तकं वाचायला देते. पहिली ते पाचवीची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बसून काय विसरतात आणि ते विसरू नये म्हणून सरकारला फारसा खर्च न करता काय करता येईल, एवढंच सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सुट्टी कमी करा, असं मी म्हणत नाही. विदर्भाची सुट्टी राज्यात सगळ्यात लांब असते. २०२४ साली बाकी महाराष्ट्रातल्या शाळा १५ जूनला भरल्या, आमच्या १ जुलैला. २०२५ मध्ये २३ जूनला. ते योग्यच आहे. पत्र्याच्या छताखाली जून महिन्यात चाळीस पोरं बसवून बघा म्हणजे कळेल. २०२५ च्या एप्रिलमध्ये परीक्षा २५ तारखेपर्यंत लांबवल्या तेव्हा विदर्भात ओरड झाली, तीही रास्तच होती. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिलेत. तेवढे धड भरले तरी पुष्कळ झालं.

पण शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात वर्गात उभं राहिलं की सुट्टीचा हिशेब लागतो. एप्रिलमध्ये अडखळत का होईना जोडाक्षरं वाचणारी दुसरीतली पोर आता तिसरीत बसलेली असते. ‘रस्त्यावर’ हा शब्द आला की ‘र’ म्हणून थांबते आणि आपल्या तोंडाकडे बघत राहते. हातच्याची वजाबाकी तर सगळ्यात आधी जाते. ५२ मधून २७ वजा करायला सांगा, निम्मा वर्ग ३५ लिहून आणतो. पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच डोक्यात राहिलेलं, मग मोठा आकडा वर असो की खाली. वजाबाकी म्हणजे काय, हे त्यांना विचारलं तर बरोबर सांगतात. पाच बोरं होती, दोन खाल्ली. समज टिकते, सरावावर उभं असलेलं गळतं.

अमेरिकेत १९९६ मध्ये ३९ अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्षही असाच होता. आकडेमोड आणि स्पेलिंगला फटका जास्त बसतो, आणि वाचनात खात्यापित्या घरातली मुलं सुट्टीत टिकून राहतात, गरीब घरातली मागे पडतात. नुकसान नेमकं किती धरायचं यावर पुढे अभ्यासकांचे वाद झाले. खुशाल होवोत. कोणत्या घरातलं पोर मागे पडतं, हे सांगायला आम्हाला अमेरिकेतून कोणी यायला नको.

इथली दुपार कशी असते तेही सांगते. सकाळी दहाला रस्ते ओस पडायला लागतात आणि संध्याकाळी सहापर्यंत पोर घराबाहेर सोडायची सोय नसते. एक खोली, तीत एक कूलर, त्यात पाणी असलं तर. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची आई म्हणाली, “मॅडम, पोट्ट्याले घरात कोंडून ठेवलं त मोबाइल मांगते, बाहेर सोडलं त ऊन लागते. सांगा आता, का करू?” ती धुणीभांडी करते. ज्यांना परवडतं ते समर कॅम्पला पाठवतात. तिच्यासाठी काय आहे? खरं तर आहे, पण कुलुपात.

आपल्या बहुतेक प्राथमिक शाळांत गोष्टींच्या पुस्तकांचं एक कपाट असतं. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी अनुदान येतं, त्यातून घेतलेली पुस्तकं असतात. चांगली असतात, रंगीत चित्रांची, मोठ्या अक्षरांची. एप्रिल संपता संपता त्या कपाटाला कुलूप लागतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी जाते. मुख्याध्यापक वाईट नसतात हो. ती पुस्तकं जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या यादीत, चढलेली असतात. तपासणीत एखादं कमी भरलं तर खुलासा मागतात, नाहीतर किंमत भरून द्या म्हणतात. पन्नास रुपयांच्या पुस्तकापायी खुलासे लिहीत बसायची हौस कोणाला असणार? त्यापेक्षा कुलूप बरं. दोन महिन्यांनी कपाट उघडावं तर खालच्या कप्प्यात वाळवी. तिच्याकडून मात्र आजवर कोणी वसुली केलेली नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी ही, की आपल्या विभागाने एक शासन निर्णय काढावा. सुट्टी लागण्याआधी पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला पाच-सहा पुस्तकं घरी न्यायला मिळतील. हरवलेलं किंवा फाटलेलं पुस्तक वापरात झिजलं असं धरून शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने निर्लेखित होईल, म्हणजे नोंदवहीतून कमी केलं जाईल. शिक्षकाकडून वसुली होणार नाही. हे शेवटचं वाक्य जाड ठशात छापा. त्याच्याशिवाय बाकीचा कागद वाया जाईल, हे मी तुम्हाला स्टॅम्प पेपरवर लिहून देते.

पुस्तकं कोणती, हे मुलांना ठरवू द्या. अमेरिकेतल्याच फ्लोरिडात गरीब वस्त्यांतल्या प्राथमिक शाळांमध्ये हा प्रयोग झालेला आहे. सलग तीन उन्हाळे मुलांना दरवर्षी त्यांनी स्वतः निवडलेली १२ पुस्तकं दिली. ज्यांना ती मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा ही मुलं वाचनात सरस निघाली. ना वर्ग, ना शिकवणी, नुसती पुस्तकं. आपल्याकडे असं झालं तर पाचवीतला एखादा पहिलीचं चित्रांचं पुस्तक उचलेल. उचलू द्या, त्याला तेवढंच वाचता येत असेल. एखादी भुताच्या गोष्टी घेईल आणि आळीतल्या पाच जणींना वाचून दाखवेल. आपल्या खात्याला संस्कारक्षम पुस्तकांची यादी जोडायची सवय आहे. या एका वेळी ती जोडू नका, अशी हात जोडून विनंती.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात, फार चांगलं काम झालं. पण ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापासोबत कामावर जातो, तिथे छापील अंक पोहोचायला हवा.

पुस्तक घरी गेल्यावर पोराच्या शेजारी बसणार कोण? त्यासाठी नवी योजना नको, आपलीच एक आहे. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचं अभियान चालतं. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे गट करतात, त्यांना करायला सोप्या कृती देतात. मी हे गट जवळून पाहिलेत. जिथे अंगणवाडी सेविका आणि एखादी चुणचुणीत आई आहे तिथे ते उत्तम चालतात, जिथे नाही तिथे फोटोपुरते. तरी कल्पना अस्सल आहे. ती पहिलीच्या उंबरठ्यावर का थांबावी? पाचवीपर्यंत न्या. वाचता न येणाऱ्या आईचीही अडचण नाही. पोराने वाचायचं, तिने भाकरी थापता थापता “मंग काय झालं?” एवढं विचारायचं. ते विचारणारं कोणी असलं की पोर पुढचं पान उलटतं.

वेळ आणि जागा मात्र मंत्रालयातून ठरवू नका. देवलापारकडे मे महिन्यात अख्खं घर तेंदूपत्त्याला जातं, पहाटे निघतात आणि दुपारी पुडे बांधत बसतात. तिथे जमायचं तर संध्याकाळीच. नागपुरात सकाळी साडेसहा ते आठ ही खरी वेळ, आणि जागांची ददात नाही. वस्तीवस्तीत बुद्धविहार आहेत, काही ठिकाणी तिथे अभ्यासिकाही चालतात. समाजभवनं आहेत, देवळांचे ओटे आहेत. बारावी झालेल्या मुली सुट्टीत घरीच असतात. त्यांना दीड महिन्याचं थोडं मानधन द्या, बाकी त्या बघून घेतील. शिक्षकांना यात ओढू नका. मतदार याद्या, जनगणना, प्रशिक्षणं, तेवढं त्यांच्या सुट्टीला पुरे आहे.

जिथे सकाळी मुलं जमतील तिथे खायला काही तरी द्या. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ ला दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेचं जेवण द्यायला सांगितलं होतं. २०२० मध्ये टाळेबंदीत आपण तांदूळ-डाळ घरी वाटलीच होती. म्हणजे वाट माहीत आहे. खिचडीच्या आशेने पोर येईल आणि गोष्ट ऐकून जाईल, यात मला कमीपणा वाटत नाही.

आता नको असलेल्या गोष्टी. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ नको. कोरोनात ते पुरेसं करून झालं. सुट्टीचा गृहपाठ म्हणून शंभर पानं शुद्धलेखन नको, ते जूनमध्ये दोन रात्रींत ताईकडून लिहून होतं. इंग्रजी शाळांसारखे ‘प्रोजेक्ट’ तर नकोतच. धरमपेठेपासून महालापर्यंत थर्माकोलचे किल्ले बनवणाऱ्या आयांची संख्या आधीच भरपूर आहे.

करायचंच असेल तर विदर्भासाठी वेगळं, एका पानाचं, छापलेलं उन्हाळी कॅलेंडर काढा. नागपूरच्या डायटला, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, सांगा, पुण्याला नको. पुण्यात निघालं तर ‘दुपारी मुलांना बागेत न्या’ असं यायचं. आमच्या कॅलेंडरात काय असावं? पेपरात रोज येणारं तापमान भिंतीवर कोळशाने लिहायचं, आठवड्याचा सगळ्यात तापलेला दिवस शोधायचा. आईच्या वाळवणात एका किलोच्या कुरडया किती झाल्या, चादरीवर किती रांगा बसल्या, त्याचा गुणाकार करायचा. आणि २६ मेच्या सुमारास सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो. बाराच्या पुढे दहा-एक मिनिटांनी अंगणात उभी रोवलेली काठी बघायची, तिची सावली नाहीशी होते. दोन मिनिटांचं काम, डोक्याला दुपट्टा बांधून. ऐन नवतपात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, येतो तो दिवस, शाळा बंद, त्यामुळे भूगोल शिकवताना मला तो वर्गात कधी दाखवताच आला नाही. घरी काठी असतेच, फक्त कोणी तरी तारीख सांगायला हवी.

गांधीसागराजवळ रामन विज्ञान केंद्र आहे, १८६३ सालचा अजब बंगला, म्हणजे आमचं जुनं वस्तुसंग्रहालय, आहे. दोन्ही छताखाली. मे महिन्यात सरकारी शाळेतल्या मुलांना आणि सोबतच्या एका मोठ्या माणसाला सकाळच्या वेळी तिथे फुकट प्रवेश आणि ‘आपली बस’चं तिकीट माफ, एवढं महापालिकेशी आणि संबंधितांशी बोलून करता आलं तर पाहा. हे झालं नाही तरी मी रागावणार नाही. कपाटाचं झालं नाही तर मात्र रागावेन.

शेवटी वेळेचं. परिपत्रक एप्रिलच्या अखेरीस निघालं तर ते शिक्षणाधिकाऱ्यांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून केंद्रप्रमुखांकडे आणि केंद्रप्रमुखांकडून मुख्याध्यापकांच्या फोनवर येईपर्यंत पोरं मामाच्या गावाला गेलेली असतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात काढा. म्हणजे पुस्तकं निवडायला, नावं लिहायला आणि वहीवर आईचा अंगठा घ्यायला शाळेला महिनाभर मिळेल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
मानेवाडा, नागपूर