वहिनी, तुम्ही सांगितलेले सिनेमे

सौ. वहिनींस,
सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला नात वाचून दाखवेल. तिला म्हणावं, सावकाश वाच, आणि मधे कुकरची शिट्टी झाली तर थांब. अर्धवट ऐकलेलं तुम्हाला चालत नाही, हे मला चाळीतल्या दिवसांपासून माहीत आहे.

गिरगावातल्या आपल्या चाळीत कोणी कोणाचे आभार मानत नसे. शेजारून आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही, एवढीच रीत. तुमची एक वाटी माझ्याकडे फार वर्षं राहिली आहे.

मी अकरा वर्षांचा असताना तुम्ही लग्न होऊन बाजूच्या खोलीत आलात. तेव्हा मला रात्रीचं दिसेनासं होऊन दोन वर्षं झाली होती आणि बाजूचंही दिसेना झालं होतं. रेटिनायटिस पिगमेंटोसा हे नाव पुढे कळलं. आईला डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं होतं, डोळ्याचा पडदा खराब होत चाललाय. नळीतून बघावं तसं समोरचं थोडं दिसायचं, आणि चार-पाच वर्षांत तेही गेलं.

मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, पण आपल्या मजल्यावर टीव्ही आला तो बऱ्याच उशिरा, आणि तोही एकाच घरात. रविवारच्या सिनेमाला अख्खा मजला तिथे. मी दाराशी, चपलांच्या बाजूला बसायचो. त्या पडद्यावर मला फक्त राखाडी धूर हलताना दिसायचा. पहिल्याच रविवारी कोणीतरी म्हणालं, "याला कशाला आणलंत? याला काय कळणार?" तुम्ही मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होतात. तुम्ही त्या माणसाला उत्तर दिलं नाही. माझा दंड धरून जवळ ओढलंत आणि कानाशी म्हणालात, "रस्ता. पाऊस पडून गेलाय. एक माणूस येतोय, हातात छत्री आहे पण अंग भिजलेलं."

वहिनी, हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. छत्री आहे आणि तरी भिजलाय! मी तो सबंध सिनेमा त्या माणसाने छत्री का उघडली नाही याचा विचार करत ऐकला.

तुमची पद्धत हळूहळू बसत गेली. जागा बदलली की माझ्या मनगटावर बोटाने एकदा टकटक, नवीन माणूस आला की दोनदा. संवाद चालू असताना तुमच्या तोंडून अक्षर नाही. पात्रं गप्प झाली की त्या दोन श्वासांच्या फटीत तुमचं वाक्य बरोबर बसायचं. आणि काय सांगायचं हे तुम्ही निवडायचात, सुपातले खडे वेचावेत तसं. "ती रडतेय" असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. म्हणायचात, "पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय. सोडलं. परत गुंडाळलं." ती रडतेय की रागावलीय की घाबरलीय, ते मी ठरवायचं. अकरा वर्षांच्या पोराला तुम्ही हे ठरवायला दिलंत, म्हणून मला सिनेमा आवडला. नुसता कळला असता तर बहुधा दोन-तीन रविवारांनी मी यायचा थांबलो असतो.

एकदा मी विचारलं, हे कुठे शिकलात? तुम्ही हसलात. म्हणालात, माझं माहेर कुडाळकडचं. लहानपणी जत्रेत रात्रभर दशावतार बघायचो, त्यात लिहिलेलं नाटक नसतंच. कथा ठरलेली, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. आणि पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सांगायचे ते बघितलंय. एकेक चित्र लोकांसमोर धरायचं आणि गात-बोलत त्याची गोष्ट पुढे न्यायची. "मी तुमका तसाच सांगतंय. फक्त चित्र तुमच्या मागे धरलंय." २०२१ मध्ये पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, त्या दिवशी तुमचा फोन आला होता. मला बोलूच दिलं नाहीत. "भावोजी, आमच्या चित्रकथीक मिळाली!" हे तीनदा.

भावोजी. हे नावही रेडिओचंच. आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागायचं. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावोजी. तुमच्या ट्रान्झिस्टरचा आवाज लाकडी पार्टिशनमधून आमच्याकडे यायचा आणि मी भिंतीला कान लावायचो. ते कळल्यावर तुम्ही ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवायला लागलात आणि मला टेकाडे भावोजी म्हणायला लागलात. मोठ्या माणसासारखं कोणीतरी हाक मारतंय याचं अप्रूप त्या वयात किती असतं!

श्रुतिका ऐकताना आपण दोघं एका पातळीवर असायचो. तिथे तुम्हालाही काही दिसत नव्हतं. एकदा एका ऐतिहासिक श्रुतिकेत घोडे दौडत आले आणि मी विचारलं, रेडिओच्या खोलीत घोडा कसा नेतात? दुसऱ्या दिवशी नारळ फोडल्यावर तुम्ही दोन्ही करवंट्या खरवडून मला बोलावलंत. करवंट्या पालथ्या धरून फरशीवर आपटल्या, तर घोडा दगडी रस्त्यावरून आला. पाटावर फडकं घालून आपटल्या, तर तोच घोडा मातीत गेला. मग गोळीचा चुरचुरणारा कागद कानाशी चुरगाळलात आणि चूल पेटली. तुमच्या त्या दोन करवंट्या माझ्याकडे कितीतरी वर्षं होत्या. चाळ सोडताना त्या कुठे गेल्या, याची मला अजून हळहळ वाटते.

लोक मला आजही म्हणतात, तुम्हाला रेडिओचा फार आधार असेल ना. आधार हा शब्द मला पटत नाही. नभोनाट्य ही माझी आवड आहे, जशी कोणाला क्रिकेटची असते. नट कोणत्या वाक्याला माइकपासून दूर गेला, दार उघडल्यावर मागची खोली लहान वाटते की मोठी, शांतता किती वेळ ताणली, यात मला जो आनंद मिळतो तो डोळस माणसाच्या आनंदाची उरलेली चतकोर भाकरी नव्हे. ही नजर म्हणा, हा कान म्हणा, तुमच्यामुळे आला.

थिएटरातही तुम्ही मला नेलंत. एका ठिकाणी मागच्या रांगेतून तक्रार झाली आणि मध्यंतरात आपल्याला उठवलं गेलं. पुढच्या वेळी तुम्ही पदर तोंडावर धरून त्याच्याआड बोललात. तुम्ही मला नेणं थांबवाल अशी भीती मला आठवडाभर होती. तुम्ही पुढच्याच रविवारी तिकिटं काढून आलात.

रामनवमीच्या कीर्तनालाही आपण जायचो. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालायचे, बुक्का लावायचे, आणि तो वास पसरला की मी सरसावून बसायचो, कारण आता आख्यान. तिथे मात्र तुम्ही एक शब्दही बोलायचा नाहीत. मी कोपराने ढोसलं तर म्हणालात, "इथे सगळं ते सांगतायत. मी कशाला?" पुढे वपुंच्या कथाकथनाच्या कॅसेट आल्या, तेव्हाही तुम्ही अशाच गप्प. सांगणारा चांगला असेल तर मधे पडायचं नाही, हेही मी तिथेच शिकलो.

आता त्या रात्रीबद्दल लिहितो. त्याच्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं.

रविवार होता. सिनेमा शेवटाला आलेला, दहाएक मिनिटं उरलेली. मुलगा घर सोडून गेलेला, आई दारात. आणि फट् असा आवाज होऊन चाळीचा मेन फ्यूज उडाला. सगळीकडे ओरडा. फ्यूज घालायला माणूस मिळेपर्यंत तासभर गेला, तोवर सिनेमा संपून गेलेला. पोरं रडकुंडीला आली. तुम्ही म्हणालात, "चला गॅलरीत. मी पाहिलाय हा सिनेमा, सांगते." वीस-पंचवीस जण गॅलरीत दाटीवाटीने बसलो. कोणालाच काही दिसत नव्हतं. मी पहिल्यांदा दाराजवळ नव्हतो, तुमच्या शेजारी, मधोमध होतो.

तुम्ही सांगितलंत, मुलगा परत येतो. पहाट आहे, आई ओटा सारवतेय. तो ओल्या ओट्यावर पाय कसा ठेवायचा म्हणून अंगणातच थांबतो. आई मान वर करते. उठते, आत जाते, पाण्याचा तांब्या घेऊन येते आणि ओट्याच्या कडेला ठेवते. मग सारवायला बसते. त्याच्या बाजूचा कोपरा तेवढा कोरडा सोडते. बस, तुम्ही म्हणालात, संपला.

कोणी हललं नाही. दिवे आले तेव्हासुद्धा पोरं लगेच उठली नाहीत.

पुढे मी बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो. पहिल्या पगारात टेपरेकॉर्डर घेतला. आणि खूप वर्षांनी तोच सिनेमा एका मित्राकडे पुन्हा लागला. मी कान देऊन बसलो. मुलगा परत येत नाही, वहिनी. शेवटी गाणं आहे आणि आई एकटीच आहे. ओटा नाही, तांब्या नाही. मित्राला मी दोनदा विचारलं, नीट बघ, ओटा सारवतेय का? तो म्हणाला, नाही रे, स्टेशन आहे.

म्हणजे तो सिनेमा तुम्ही पाहिलाच नव्हता. अंधारात, पंचवीस पोरांसमोर, तुम्ही उभ्या उभ्या तो शेवट रचलात, दशावतारातल्यासारखा. मी तुम्हाला हे कधी विचारलं नाही. विचारलं तर तुम्ही ओशाळाल असं वाटायचं. आज सांगतो, मला दोन्ही शेवट माहीत आहेत आणि मी तुमचा धरून बसलोय.

आता तुम्ही करायचात त्या कामाला नाव आहे, श्राव्य वर्णन. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा आला. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मोठ्या हिंदी सिनेमाच्या ओटीटी प्रदर्शनासाठी ते करायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. कानात इअरफोन घालायचा, आणि संवादांच्या मधल्या फटीत एक आवाज बोलतो. ऐकताना मला मनगटावर टकटक हवीशी वाटते. चांगलं काम करणारे फार चांगलं करतात. पण परवा एका वर्णनात आवाज म्हणाला, "ती दुःखी होते." मी तिथेच थांबवलं. मला पदराचं टोक हवं होतं.

येत्या रविवारी डोंबिवलीला येतोय. फास्ट लोकलने, दुपारी चारच्या सुमारास, मुलगा सोडायला येईल. नातीला आणि तिच्या मैत्रिणींनाही बसवून ठेवा. चहा झाला की दिवा मालवायला सांगा, आणि तो ओट्याचा शेवट पुन्हा एकदा सांगा. आता मला तुम्हाला विचारायचंय, तो मुलगा तांब्यातलं पाणी पितो का? त्या रात्री तुम्ही ते सांगितलं नव्हतं.

तुमचा,
बाजूच्या खोलीतला
टेकाडे भावोजी