भरतीच्या वेळी पक्ष्यांनी जायचे कुठे? पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीतल्या चिखलाला संरक्षण हवे, हे आता बहुतेकांना पटलेले आहे. माझी विनंती त्या चिखलामागच्या जमिनीबद्दल आहे. भरती चढली की चिखल्या, तुतारी, कर्ल्यू, गॉडविट या साऱ्या किनारी पक्ष्यांना चरणे थांबवावे लागते आणि पाणी उतरेपर्यंत ते जवळच्या मिठागरात, उथळ तळ्यात किंवा रेताड उंचवट्यावर दाटीवाटीने विसावतात. कागदोपत्री हीच जागा पडीक ठरते आणि भराव पडतो तो आधी तिथेच.

हा विसावा म्हणजे चैन नव्हे. ओहोटीला दुर्बीण लावून पाहिले, तर कर्ल्यू आपली बाकदार चोच खोल खुपसून खेकडा ओढून काढताना दिसतो; गॉडविट तर बाकीची चोच मिटलेली ठेवून चिखलाच्या आत फक्त तिचे टोक उघडू शकतो. अशा कष्टाने साठवलेल्या चरबीवरच पुढचे स्थलांतर अवलंबून असते. २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीच्या अवघ्या काही महिन्यांच्या एका पक्ष्याने अलास्का ते टास्मानिया हे सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर कुठेही न उतरता ११ दिवसांत कापले. विसाव्यातून पुन्हा पुन्हा उठवलेल्या थव्याची हीच चरबी नाहक खर्ची पडते. (उठवणाऱ्यांत मोकाट कुत्र्यांइतकेच आम्हा निरीक्षकांपैकी काही छायाचित्रकारही असतात.)

‘पक्षी शेजारच्या खाडीत जातील’ हे उत्तर आपल्या कानी आले असेलच. दक्षिण कोरियातील सेमांगुम येथे २००६ मध्ये सुमारे ३३ किलोमीटरच्या समुद्री बांधाने चिखलपट्ट्या समुद्रापासून तोडल्या, तेव्हा तिथे थांबणारे ग्रेट नॉट हे स्थलांतरित किनारी पक्षी तेवढ्या संख्येने शेजारी आढळले नाहीत. उलट ऑस्ट्रेलियातील त्यांच्या मुक्कामीही संख्या घटली.

म्हणून कोणत्याही किनारी प्रकल्पाचे पक्षी-सर्वेक्षण ओहोटी आणि भरती अशा दोन्ही वेळी, स्थलांतराच्या संपूर्ण हंगामात बंधनकारक करावे. त्यातही उधाणाच्या भरतीची नोंद वगळू नये, कारण भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीत चिखलाचा काही भाग उघडा राहतो, थवे तिथेच थांबतात आणि विसाव्याची जागा पाहणाऱ्याला रिकामी भासते. अशा जागा किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांवर चिखलपट्ट्यांसह एकत्र दाखवाव्यात आणि ते होईपर्यंत तेथील भरावाला नवी परवानगी देऊ नये, ही विनंती.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक