बंदुका मोजल्या, माणसांचं काय?

संपादक साहेब,

१५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा मोठा नेता भूपती ६० साथीदारांसोबत गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला, तेव्हा पेपरात बंदुका किती अन् बक्षीस किती हेच जास्त होतं. आमच्या एटापल्लीकडं लोक मात्र फोटोतले चेहरे शोधत होते. माझा मावसभाऊ सी-६० मध्ये, म्हणजे पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकात आहे. गावातल्या एका पोरीवर त्याचा लय जीव, एकतर्फीच म्हणा, तिनं कधी भाव दिला नाही, तेंदूपानाच्या सीजनमध्ये फळीवर (पानं जमा करतात तिथं) ती पानांचे पुडे मोजून घ्यायला आली की हा आपले पुडे बाजूला ठेवून तिचेच रचून द्यायचा, अन् ती बिनाबोलता निघून जायची. मग ती दलममध्येच, म्हणजे नक्षल्यांच्या टोळीत गेली. हा पोलीस भरतीत लागला. तेव्हापासून तिच्या घरचे याच्याशी बोलत नाहीत (त्यांचंही चुकत नाही), अन् चकमकीची बातमी आली की हा आधी मेलेल्या बायांची नावं वाचतो, मग जेवतो. डिपार्टमेंटमध्ये हे कोणाला सांगणार?

त्या दिवशीच्या फोटोत ती दिसली नाही. शरण आलेल्यांची नावं छापायला अडचण असेल तर निदान कोणत्या तालुक्यातले किती, एवढं तरी छापत जा साहेब.

एक वाचक, ता. एटापल्ली, जि. गडचिरोली