मंत्रिमहोदय, मध्यरात्रीचा राग आम्ही कधी ऐकायचा?

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आमच्या शहरातल्या नगरपालिकेच्या सभागृहात मासिक मैफलींचा नवा हंगाम सुरू होतो आहे. पहिल्या महिन्यात ख्यालगायन, मग सतार, त्यानंतर नव्या गायक-वादकांची एक संध्याकाळ आणि शेवटी नाट्यसंगीत, असा बेत आहे. कलाकारांनी होकार दिलाय, तारखा मिळाल्यात. अडलंय ते पत्रिकेवर वेळ काय छापायची यापाशी.

कारण उघड आहे, रात्रीचे दहा. सात वाजता सुरू होणाऱ्या मैफलीला कागदावर तीन तास मिळतात. त्यातून दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक आणि उशिरा पोहोचणारे प्रमुख पाहुणे वजा करा. (राग मानू नका, पण हे पाहुणे बहुधा आपल्याच क्षेत्रातले असतात.) मग नवोदितांचा अर्धा तास, मध्यंतर, तानपुरे पुन्हा जुळवणं. मुख्य कलाकार बसतो तेव्हा त्याच्या हाती जेमतेम सव्वा तास असतो. त्यात बडा ख्याल, द्रुत, एखादी ठुमरी आणि भैरवीची फर्माईश! दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे सावकाश झुलणारा, गंधार घड्याळाकडे बघत लागत नाही. मालकंस तर मध्यरात्रीनंतरच्या प्रहराचा राग, आणि तो आम्ही नऊ वाजता ऐकून घरी जातो. कोणता राग कोणत्या वेळी गायचा हे समयचक्र पाळायचंच असं नाही, हे मलाही मान्य आहे. पण निदान पाळायची मुभा तरी असावी.

सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि कित्येक वर्षं रात्र रात्र चालला. पुढे ध्वनीचे नियम आले आणि त्या रात्री संपल्या. त्याबद्दल गळा काढायला मी हे पत्र लिहीत नाही. उघड्या मांडवातले कर्णे पहाटेपर्यंत वाजावेत असं मला मुळीच वाटत नाही. शेजारच्या घरात आजारी माणूस असतो, परीक्षेला बसलेलं पोर असतं. त्यांच्या झोपेचा हक्क माझ्या रसिकतेपेक्षा मोठाच आहे.

पण ध्वनिप्रदूषण नियम, २००० नीट वाचले तर आमच्यासारख्यांची सोय त्यांतच केलेली आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपक आणि वाद्यं वाजवायला बंदी आहे, मात्र बंदिस्त जागेतल्या, आतल्याआत ऐकण्यापुरत्या वापराला ती लागू नाही. प्रेक्षागृहं आणि सामुदायिक सभागृहं यांचा तिथे उदाहरण म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १० ते १२ अशी जी खास सवलत राज्याला देता येते, ती वेगळी. ते दिवस बहुतेक उत्सवांतच संपतात आणि आम्हाला त्यांत वाटाही नको. (जाता जाता, ती सवलत पहाटेला नाही. सहाच्या आधी माइक सुरू करणारी उघड्यावरची दिवाळी पहाट कोणत्या नियमात बसते, हे मी मुद्दाम विचारत नाही.)

मग घोडं पेंड कुठे खातं? आमचं सभागृह फक्त नावाला बंदिस्त आहे. वातानुकूलन यंत्रणा एवढी घरघरते की विलंबित आलापात तिचाच षड्ज ऐकू येतो. म्हणून ती बंद करतात. सभागृह भरलेलं असलं की अर्ध्या तासात लोक पत्रिकांनी वारा घ्यायला लागतात, मग कुणीतरी उठून बाजूची दारं उघडतं. दारं उघडली की तबला थेट मागच्या इमारतीत जातो. तिथून फोन जातो, पोलीस येतात आणि साडेनऊपासूनच विंगेत कुणीतरी मनगटाकडे बोट दाखवत उभं राहतं. यात दोष ना त्या हवालदाराचा, ना फोन करणाऱ्याचा.

दारं बंद ठेवली तरी भागत नाही. ध्वनिशास्त्राचा साधा हिशोब आहे. भिंत कितीही जाड असू द्या, तिच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का उघडी फट राहिली तर आवाज २० डेसिबलच्या वर अडत नाही. आत ८५ डेसिबल असेल तर त्या भिंतीबाहेर ६५ उरतात, आणि निवासी भागाची रात्रीची मर्यादा आहे ४५. आमच्या सभागृहाच्या दारांखालून हात जातो. दाराच्या दोन झडपांच्या मधून पॅसेजमधला उजेड दिसतो. अशा फटी बुजवायला रबरी पट्ट्या, दाराखालची फट झाकणाऱ्या पट्ट्या आणि लागोपाठच्या दोन दारांमधली मोकळी खोली एवढं पुष्कळ काम करतं. नवीन इमारत लागत नाही.

तरीही सभागृहाच्या नूतनीकरणाला निधी आला की तो जातो कुठे, तर दर्शनी भागाची काच, खुर्च्यांचं कापड आणि कोनशिला यांवर. भिंतींना गुळगुळीत लाद्या बसवतात, त्या छान दिसतात आणि आवाज घुमवून तानेचा चिखल करतात.

म्हणून विनंती अशी की, सभागृहांच्या दुरुस्तीला राज्याचा पैसा देताना आवाज बाहेर न जाणं आणि वातानुकूलन शांत असणं, या अटी आधी घाला. पडदे-खुर्च्या नंतर. काम झाल्यावर बाहेर, शेजाऱ्याच्या कुंपणाशी, रात्री मीटर लावून मोजणी करा. जे सभागृह मर्यादेत बसेल, त्याला बंदिस्त जागा म्हणून लेखी प्रमाणपत्र द्या आणि ते स्थानिक पोलीस ठाण्यात पोहोचवा. आज सभागृह नगरविकास खात्याचं, आवाज पर्यावरण खात्याचा, परवाना गृहखात्याचा आणि फक्त गाणं तेवढं आपलं. त्यामुळे आम्ही कुठेही गेलो तरी पुढचं टेबल दाखवलं जातं. चारही खात्यांना एकत्र बसवून एक परिपत्रक काढणं आपल्याला शक्य आहे, आम्हाला नाही.

सगळी सभागृहं एकदम होणार नाहीत, हे कळतं. प्रत्येक जिल्ह्यात लहानसं एक निवडा. दोनतीनशे खुर्च्यांचं चालेल, किंबहुना तेच बरं. बिनमाइकचा सूर शेवटच्या रांगेपर्यंत जातो अशी जागा असली तर ध्वनिक्षेपकाचा प्रश्नच निम्मा सुटतो.

आमच्या हंगामापुरतं म्हणाल तर दुरुस्ती होईपर्यंत आम्ही दहाच्या आतच संपवू. सत्कार रद्द केले आहेत, दीपप्रज्वलन श्रोत्यांतलं कुणीतरी करील आणि गायन बरोबर साडेसहाला सुरू होईल. पण हंगामाची शेवटची मैफल साडेअकरापर्यंत न्यायची इच्छा आहे. तिची पत्रिका अजून छापखान्यात दिलेली नाही. समाप्तीच्या वेळेची जागा कोरी ठेवली आहे. आपलं उत्तर आलं की ती भरू.

आपला नम्र,
एका संगीत मंडळाचा कार्यकर्ता